कमळपक्ष्याची पावले

डिसेंबरात सकाळी साडेसहाच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मालगुजारी तलावाच्या पाळीवर जाऊन उभे राहा. धुके इतके दाट असते की शिंगाडे काढायला निघालेला ढिवर डोंग्यासकट दिसेनासा होतो. ऐकू येतो तो फक्त पाणी कापल्याचा आवाज. ऊन थोडे वर आले की आधी कमळाची पाने उघडी पडतात आणि मग त्या पानांवरून, आपण अंगणात फिरावे तसा, कमळपक्षी फिरताना दिसतो. पावसाळ्यात मिरवलेली लांब, बाकदार शेपटी या दिवसांत झडलेली असते, त्यामुळे नवख्याला तो ओळखू येत नाही. त्याला ओळखायचे पायांवरून. अंगाच्या मानाने बोटे आणि नखे भलतीच लांब. पक्षी दीड-दोनशे ग्रॅमचा, पण त्याचा भार एका जागी पडतच नाही, पानभर वाटला जातो. तेवढ्याच वजनाचा गोटा त्या पानावर ठेवून पाहा. पान वाकते आणि गोटा तळाला जातो.

हे सगळे आठवायला निमित्त झाले भाच्याचे. नाताळच्या सुट्टीत त्याचे मित्रांबरोबर हिमाचलात नारकंड्याला जायचे ठरले होते आणि मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहून तो विचारत आला, "मामा, ते जाळीवाले जोडे घातले तं बर्फात पाय धसत नाही म्हणते, खरं आहे का?" मी त्याला तलावावर घेऊन गेलो. तो वैतागला, पण आला.

त्या जोड्यांना स्नोशू म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, आणि कुणी 'हिमपादत्राण' असे काही घडवण्याआधी आपण स्नोशूच म्हणू. कल्पना अगदी साधी आहे. सत्तर किलोचा माणूस, पाठीवरची पिशवी धरून, चालताना क्षणभर एकाच पायावर उभा असतो. बुटाचा तळवा साधारण २२० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३२० ग्रॅम भार. आता त्याच पायाखाली पंचवीस इंच लांब आणि आठ इंच रुंद, कडा गोलाकार असलेला स्नोशू बांधला, तर टेकणारी जागा ११०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि भार ६४ ग्रॅमवर येतो. पाचपट कमी. वजन तेच, फक्त वाटून दिलेले.

पण नुसत्या भागाकाराने बर्फ समजत नाही. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो, तेवढेच पाणी हजार किलो. म्हणजे त्यात सुमारे नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त हवा असते. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचे काही असेल तर ते तणसाचा ढीग. धानाची चुरणी झाली की खळ्यावर तणसाचे डोंगर उभे राहतात आणि पोरे त्यांवर चढतात. पाय टाकला की तो मांडीपर्यंत आत जातो, पण तळापर्यंत जात नाही. खालचे तणीस दाबले जाते, घट्ट होत जाते आणि एका क्षणी ते भार पेलण्याइतके घट्ट झाले की पाय थांबतो. बर्फात अगदी हेच होते. स्नोशू घालून माणूस बर्फावर तरंगतो असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. तोही आत जातोच. फक्त बर्फाला फारसे दाबावे न लागता तो भार पेलला जातो, म्हणून पाय लवकर थांबतो.

बर्फाची आणखी एक खोड आहे, ती तणसात नाही. एकदा पायाखाली दबलेला बर्फ काही वेळाने आपोआप कडक होतो. दाबामुळे कण एकमेकांना चिकटतात, जिथे टेकतात तिथे त्यांच्यात बर्फाचेच बारीक सांधे तयार होतात, आणि थोड्या वेळाने तीच पाऊलवाट पायऱ्यांसारखी टणक बनते. म्हणून गटातला पहिला माणूस सगळ्यांत जास्त दमतो. त्याच्या मागचे त्याच्या कष्टावर चालतात. जाणते लोक दर दहा-पंधरा मिनिटांनी पुढचा माणूस बदलतात. पहिला बाजूला सरकतो, रांग पुढे जाऊ देतो आणि शेवटी येऊन मिळतो.

हे जोडे सपाट फळीसारखे पायाला ठोकलेले नसतात. बूट फक्त पुढच्या भागाशी, चवड्याखाली, एका आडव्या आसाला बांधलेला असतो. पाऊल उचलले की टाच वर येते आणि जोड्याची शेपटी खाली लोंबत बर्फावरून घसटत येते. त्यामुळे प्रत्येक पावलाला अख्ख्या जोड्याचे वजन उचलावे लागत नाही. चवड्याखाली लोखंडी दात असतात, ते चढावर आणि कडक बर्फावर धरून ठेवतात. चांगल्या जोड्यांत टाचेखाली एक दांडी उभी करता येते, म्हणजे खड्या चढावर पोटऱ्या ताणल्या जात नाहीत. उलट पावली मात्र चालता येत नाही. शेपटी बर्फात रुतते आणि माणूस बसतो. वळायचे तर अर्धगोल फेरी घ्यायची. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक जण एकदा तरी आपल्याच एका जोड्यावर दुसरा ठेवतो आणि पडतो, म्हणून पाय थोडे फाकवून चालायचे. लंगोट बांधायला शिकलेल्या पोरासारखे, असे भाच्याने नंतर वर्णन केले.

हा शोध कुणा एकाचा नाही. इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या आल्प्समध्ये तीन हजार मीटरच्या वर, हिमनदीच्या काठाशी, भूर्जाची फांदी वाकवून दोरीने बांधलेला एक स्नोशू सापडला. तो सुमारे ५८०० वर्षांपूर्वीचा निघाला. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांनी ही कला फार पुढे नेली. अ‍ॅश झाडाचे लाकूड वाफेवर वाकवायचे आणि आत कच्च्या कातड्याच्या पट्ट्यांची जाळी विणायची. जाळी यासाठी की बर्फ वर साचून न राहता खाली गळावा. दाट जंगलात आखूड आणि गोल, उघड्या माळावर लांब आणि निमुळते, असे त्यांचे घाट प्रदेशाप्रमाणे बदलत. तिकडच्या एका सशाचे नावच स्नोशूवरून पडले आहे, कारण त्याचे मागचे पाय अंगाच्या मानाने अवाढव्य असतात. त्याच्या मागावर असलेल्या लिंक्स या मांजराचे पंजेही तसेच केसाळ आणि पसरट. भक्ष्य आणि भक्षक दोघांनी एकच गणित सोडवले.

मला यात सर्वांत रस वाटला तो जपानच्या गोष्टीत, कारण ती धानाची आहे. जपानमध्ये बर्फासाठी बांबू किंवा फांद्या वाकवून केलेले 'कान्जिकी' वापरतात, हे ठीक. पण त्यांच्याकडे 'ता-गेता' नावाची दुसरी वस्तू होती, आणि ती बांधीत, म्हणजे भातखाचरात, वापरायची. पायाखाली बांधायच्या लाकडी फळ्या. शिझुओका शहरातल्या तोरो या १९४३ मध्ये उजेडात आलेल्या प्राचीन वस्तीत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या भातखाचरांजवळ, अशा फळ्या सापडल्या. पाणी कधी निघून न जाणाऱ्या दलदलीच्या शेतात माणूस मांडीपर्यंत फसत असे, म्हणून हे जोडे. हिरवे खत चिखलात तुडवायलाही त्यांचा उपयोग होई. म्हणजे स्नोशूचा सख्खा भाऊ भातशेतीत जन्मला.

मग आपल्याकडे तो का जन्मला नाही? भंडाऱ्याला धानाचा जिल्हा म्हणतात. इथल्या बाया रोवणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकलेल्या असतात, आणि पायात काही नसते. उत्तर बांधीच्या पोटात आहे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर चिखलणी केल्याने नांगराच्या खाली मातीचा एक दाबलेला, कडक थर तयार होतो. तोच थर पाणी धरून ठेवतो आणि तोच पाय धरतो. रोवणीत पाय वीतभर आत जातो आणि त्या थरावर टेकतो. पुढे जातच नाही. तळ असला की फळीची गरज नाही. उलट फळी बांधली तर पंचाईत होईल, कारण ओला चिखल रुंद तळव्याला चोखून धरतो. बर्फात हवा असते, म्हणून तो असा चोखत नाही.

आणि तणसाचा बर्फाशी असलेले नाते फक्त उपमेपुरता नाही. काश्मीरमध्ये धानाच्या पेंढ्याचे विणलेले जोडे, 'पुलहोर', हिवाळ्यात घालण्याची रीत होती. ते भार पसरवण्यासाठी नव्हते, घसरू नये आणि पाय उबदार राहावेत म्हणून होते. जीर्ण झाले की फेकून नवे विणायचे. आता रबरी गमबूट सगळीकडे पोचले आहेत. काश्मीरमध्येच गुलमर्गला भारतीय सैन्याची उंच प्रदेशातल्या युद्धाची शाळा १९४८ मध्ये स्कीच्या शिक्षणापासून सुरू झाली. आपल्या देशात बर्फावर चालण्याचे पद्धतशीर शिक्षण फार काळ जवानांपुरतेच होते. हौशी माणसांचे लोंढे अलीकडचे.

भाच्याला मी म्हटले, जोडे नंतर बघू, आधी आंबागडावर चल. तुमसरहून तेरा-चौदा किलोमीटर. गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजखान पठाणाने बांधलेला हा किल्ला. साताऱ्या-पुण्याकडच्या लोकांना दाखवला तर ते हसतील, एवढी त्याची उंची. पण हिवाळ्यातली एका दिवसाची डोंगरवाट म्हणजे काय, ते शिकायला पुरेसा आहे. बर्फातल्या एका दिवसाच्या सहलीत चुकणारी माणसे जोड्यांमुळे क्वचित चुकतात. ती चुकतात घाम, घड्याळ आणि पाणी या तीन गोष्टींत.

घामाचे आधी. विदर्भाची थंडी म्हणजे थट्टा नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा सकाळी आपण स्वेटर, त्यावर जाकीट, कानाला मफलर असे बांधून निघतो आणि पंधरा मिनिटे चढलो की आतला सुती बनियन भिजतो. ओले सुती कापड अंगावरची ऊब भराभर शोषते. चढताना काही वाटत नाही, बुरुजावर वारा लागला की दात वाजतात. इथे त्याने फार तर सर्दी होते. उणे पाच अंशांत, उतरायला चार तास असताना, तो जिवाशी खेळ होतो. म्हणून नियम असा की निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. चढायला लागण्याआधी एक कपडा काढायचा, थांबलात की लगेच घालायचा. अंगालगत सुती नको, लोकर किंवा चटकन वाळणारे कृत्रिम कापड हवे. भाच्याने ऐकले नाही. आंबागडाच्या अर्ध्या वाटेवर त्याने जाकीट कमरेला बांधले तेव्हा पाठीवर ओला नकाशा उमटलेला होता.

त्या चढावर आणखी एक गंमत झाली. खाली बांधीत, धुऱ्यावरून चालताना बोटे बधिर झाली होती. वर गेल्यावर हवा उबदार लागली. भाच्याला वाटले चढल्यामुळे. अंशतः खरे, पण सगळे नाही. निरभ्र, वारा नसलेल्या हिवाळी रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, तिला लागून असलेली हवा गार होऊन जड होते आणि सखल भागात साचते. पाणी खाचरात साचावे तशी. त्यामुळे पहाटे वैनगंगेच्या काठची शेते टेकडीच्या माथ्यापेक्षा जास्त गार असतात आणि धुकेही तिथेच बसते. वरून पाहिले तर खालचा सगळा मुलूख पांढऱ्या पाण्यात बुडालेला दिसतो आणि फक्त झाडांचे शेंडे वर. हिमालयात एरवी उलटे चालते. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश घट. तिथेही रात्री दरीत अशी गार हवा साचते, म्हणून मुक्कामाची जागा ओढ्याच्या अगदी तळाशी घेत नाहीत.

पाण्याचे आंबागडावरच सांगितलेले बरे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात या किल्ल्याचा तुरुंग झाला आणि कैद्यांना आतल्या विहिरीचे कुजके पाणी प्यायला लावून मारत, अशी हकीकत जुन्या गॅझेटियरात आहे. पाणी समोर आहे पण पिण्याजोगे नाही. बर्फात हीच स्थिती. चहूबाजूंनी पाणीच पाणी, पण गोठलेले. तहान लागली म्हणून बर्फ चघळला तर तो वितळवायला शरीराची उष्णता जाते. अर्धा लिटर पाण्याएवढा बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला साठेक किलोकॅलरी लागतात, आणि त्या तेव्हा जातात जेव्हा शरीर आधीच ऊब राखण्यासाठी झगडत असते. शिवाय थंडीत तहान कळत नाही. बाटली आतल्या खिशात ठेवायची किंवा पिशवीत उलटी, म्हणजे गोठले तरी आधी बुडाकडून गोठते आणि तोंड मोकळे राहते.

आणि घड्याळ. डिसेंबरच्या शेवटी भंडाऱ्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, नारकंड्यात त्याहूनही थोडा आधी, आणि डोंगराच्या सावलीत अंधार त्याआधीच शिरतो. परतायची वेळ शिखरावर पोचण्यावर ठरवायची नसते. ती सकाळीच ठरवायची. एक वाजता जिथे असू तिथून मागे. आम्ही आंबागडावरून अकरालाच उतरायला लागलो, कारण सागाची गळलेली पाने. हिवाळ्यात ती उतारावर थर करून बसतात, खालचा दगड, खड्डा, मूळ काहीच दिसत नाही आणि पाय टाकला की पानासकट घसरतो. न दिसणाऱ्या तळावर पाऊल कसे टाकावे, आधी काठीने चाचपून मग भार द्यावा, हे बर्फातही तसेच चालते. एक फरक आहे. इथे जनावरांकडेही लक्ष ठेवावे लागते. इथल्या डोंगरात बिबट आहे, अस्वल आहे आणि २०१३ मध्ये अभयारण्य झालेल्या कोक्याच्या बाजूला वाघही. कोक्यात तर पायी फिरताच येत नाही. दिवसाउजेडी, तिघे-चौघे, बोलत चालायचे, हा इकडचा नियम.

हिमालयाचा धोका वेगळा, आणि तो पायाखालीच नाही, डोक्यावरही असतो. हिमस्खलन बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होते. त्याहून सपाट उतारावरून बर्फ सहसा सुटत नाही, त्याहून खड्यावर तो फारसा साचतच नाही. मोठी हिमवृष्टी झाल्यानंतरचा पहिला लख्ख दिवस सगळ्यांना बाहेर बोलावतो आणि तोच सर्वांत घातक असतो. स्नोशू इथे उलटा फसवतो. जिथे बुटाने जाणे अशक्य होते तिथे तो माणसाला सहज पोचवतो. चंदीगडला संरक्षण खात्याची एक प्रयोगशाळा आहे, तिची सुरुवात १९६९ मध्ये मनालीत झाली. ती हिवाळ्यात हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्याआधी ते पाहायचे आणि स्थानिक वाटाड्याचे ऐकायचे. तो 'आज नको' म्हणाला तर वाद घालायचा नाही.

म्हणून भाच्याला हाटू शिखर सुचवले. नारकंड्याच्या वर, सुमारे ३४०० मीटर. उन्हाळ्यात तिथे गाडीरस्ता आहे. हिवाळ्यात बर्फाने तो बंद होतो आणि सहा-सात किलोमीटर पायी जावे लागते, देवदार आणि खरसूच्या जंगलातून, माथ्यावर हाटू मातेच्या लाकडी मंदिरापर्यंत. वाट रस्त्याचीच, त्यामुळे चुकायची भीती कमी. काळा चष्मा मात्र सक्तीचा, असे बजावले. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांहून जास्त परत फेकतो आणि उघडे डोळे एका दिवसात भाजतात. संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपतात. उत्तर ध्रुवाकडचे इन्यूट लोक त्यासाठी हाडाचे किंवा लाकडाचे, बारीक फट ठेवलेले चष्मे करत. आपल्याला शंभर-दीडशेचा रस्त्यावरचा चष्मा पुरत नाही, कारण काळा रंग म्हणजे अतिनील संरक्षण नव्हे. उलट काळोखात बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत जातात.

जोडे विकत घेऊ नकोस, एवढेही सांगितले. आपल्याकडच्या बहुतेक बर्फवाटांवर माणसांची इतकी वर्दळ असते की बर्फ तुडवून घट्ट झालेला असतो. तिथे स्नोशू ओझे होतो. तिथे लागतात बुटावर चढवायच्या रबरी पट्ट्याच्या दातेरी साखळ्या, आणि बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीला गुंडाळायचे पडदे. स्नोशू लागतो तो जिथे अजून कुणी गेलेले नाही तिथे.

तो गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. हाटूचा रस्ता मी म्हटला तसाच तुडवलेला होता आणि गटाच्या वाटाड्याकडे असलेले स्नोशूचे दोन जोड सगळा वेळ पाठीवरच राहिले. पण माथ्याजवळ, देवदाराच्या आडोशाला, कुणी न शिवलेला बर्फ होता. वाटाड्याला मस्का मारून त्याने एक जोड बांधला, वीस पावले गेला, परत आला, जोड काढला आणि शेजारून बुटाने वीस पावले गेला. मग हाताने मोजले. बुटाची खोली एक वीत आणि वर चार बोटे. स्नोशूची जेमतेम अर्धी वीत.

"पण मामा," तो म्हणाला, "तुम्ही तं पाचपट म्हटलं होतं. हे तिपटीच्याही आतच आहे."

पाचपट कमी झाला होता दाब, खोली नव्हे. बर्फ जसजसा दाबला जातो तसतसा तो जास्त झुंजतो, म्हणून पहिली चार बोटे फुकट जातात आणि पुढची प्रत्येक बोटभर खोली महाग पडते. तणसाच्या ढिगातही पहिली वीत एका पावलात जाते आणि नंतर कितीही उड्या मारा, पोरगे तळाला पोचत नाही. हे मी त्याला सांगेपर्यंत त्याचे पैसे संपले की नेटवर्क गेले, फोन कटला. भाचा परत आला तेव्हा तलावातल्या शिंगाड्यांचा हंगाम संपत आला होता. तरी उकडलेले पावशेर मिळाले. ते सोलत आम्ही पाळीवर बसलो होतो, आणि त्याने माझ्याकडे न बघता विचारले, कमळाचं पान पाण्यावर किती जाड असतं.